बीएएमएसनंतर एमपीएच, एमएचए की एपिडेमिऑलॉजी? आंबेगाव तालुक्यातून विचारते आहे

आहुपेवाट

नमस्कार. मी बीएएमएस, शिक्षण पुण्यात. सहा महिन्यांचा सामुदायिक आरोग्याचा कोर्स करून सध्या आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. पुढे शिकायचं आहे. दवाखाना टाकायचा नाही, हे घरच्यांच्याही गळी उतरलंय.

नुसतं 'कोणता कोर्स चांगला' असं विचारलं तर उत्तरंही मोघम येतील, म्हणून हे का करायचंय ते आधी सांगते. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे एका वाडीत जुलाब-उलट्यांचे रुग्ण घराघरांत निघाले. शेजारच्या वाडीत जवळजवळ कोणी नाही. दोन्ही वाड्या एकाच ग्रामपंचायतीतल्या, पाण्याचं कार्ड हिरवं (म्हणजे पाणी सुरक्षित असल्याची नोंद), पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर शिल्लक, नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे का ते बघणारी ओटी टेस्ट बरोबर येत होती. मग आशाताई आणि मी घरोघर फिरून कच्चा नकाशा काढला आणि कोण कुठलं पाणी पितं ते प्रत्येक घरापुढे लिहिलं. भातलावणीचे दिवस होते. खालच्या, म्हणजे रुग्ण निघालेल्या वाडीची माणसं उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत खाचरात, आणि तिथे तहान लागली की बांधाच्या कडेच्या झऱ्याचं पाणी. घरच्या नळाशी त्यांचा संबंध फक्त रात्री. आम्ही झऱ्याचं पाणी तपासायला पाठवलं, शेतावर जाताना घरून मेडिक्लोर (क्लोरीनचं द्रावण) घातलेलं पाणी न्यायला लावलं. रुग्ण कमी झाले.

ते आमच्यामुळे कमी झाले की लावणी संपल्यामुळे, हे मला सांगता येत नाही. मासिक सभेत कौतुक झालं, पण मला उत्तर देता येत नाही हे मला टोचतं. ते सांगता यावं म्हणून शिकायचंय.

समोर पर्याय असे: स्वस्थवृत्तात (आयुर्वेदातलं प्रतिबंधक आरोग्य) एमडी, एमपीएच (सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी), एमएचए (रुग्णालय प्रशासनाची) किंवा रुग्णालय व्यवस्थापनातलं एमबीए, एपिडेमिऑलॉजी (रोग कोणात, कुठे, का पसरतो याचं शास्त्र) किंवा बायोस्टॅटिस्टिक्समध्ये (आरोग्याचं संख्याशास्त्र) एमएससी. मैत्रीण म्हणते परदेशात जा. वडील सातगाव पठारावर बटाटा करतात. थोडं कर्ज काढता येईल, डोईजड नको. बारावीनंतर गणिताला हात लावलेला नाही. या सगळ्या पदव्यांत नेमका फरक काय, आणि माझ्यासारखीने कुठे जावं?

टिळकरोड

मी रुग्णालय व्यवस्थापनात एमबीए केलंय आणि शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात क्वालिटी विभागात आहे, तेव्हा त्या बाजूचं सांगतो. खाटा किती वेळ रिकाम्या राहतात, ऑपरेशन थिएटर वेळेवर सुरू होतं का, डिस्चार्जची फाईल कुठे अडते, रुग्णालयांना गुणवत्तेची मान्यता देणाऱ्या एनएबीएचची तपासणी, विम्याचे दावे हाताळणाऱ्या टीपीएशी पत्रव्यवहार, महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे दावे नाकारले गेले तर का, हे आमचं रोजचं काम. मला ते मनापासून आवडतं. पुण्यात सिंबायोसिसकडे हा कोर्स आहे, मुंबईत टिसकडे (टाटा समाजविज्ञान संस्था) एमएचए आहे, आणि पुण्यासारख्या शहरात नोकरी मिळायला फार वाट बघावी लागत नाही.

पण तुमचा नकाशा वाचला आणि वाटलं, तुमचा प्रश्न माणूस रुग्णालयाच्या दारात येण्याच्या बराच आधीचा आहे. आमच्या दोन वर्षांत एपिडेमिऑलॉजीची तोंडओळख होते, त्यापुढे नाही. केवळ नोकरी लवकर मिळते म्हणून इकडे येऊ नका.

पर्वतीपायथा

आहुपेवाट, तुमची पोस्ट पुन्हा पुन्हा वाचली. मी मुळात संख्याशास्त्राची पदवीधर, नंतर एमपीएच, आणि आता पुण्याजवळच्या ग्रामीण संशोधन प्रकल्पात माहिती गोळा करणाऱ्या टीमबरोबर काम करते. जरा लांबेल, पण सविस्तरच लिहिते.

पदव्यांमधला फरक कळायला आपल्या डोळ्यांसमोरचंच उदाहरण घेऊ. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातल्या सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड, धायरी या भागात गुलेन बारीचे (हातपाय लुळे पाडणारा मज्जातंतूंचा आजार) रुग्ण एकाएकी वाढले. एकाच साथीत चार वेगळ्या प्रकारची माणसं कामाला लागली होती. एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेत, नमुने तपासून कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी आणि नोरोव्हायरस ओळखणारी, ती प्रयोगशाळेची माणसं. विषाणुशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र हा त्यांचा रस्ता. रुग्णांची यादी करून कोण कुठे राहतं, कोणत्या विहिरीचं पाणी, काय खाल्लं, लक्षणं कधी सुरू झाली, हे घरोघर विचारून जुळवणारी ती एपिडेमिऑलॉजीची. कमला नेहरू रुग्णालयात खाटा राखणं, व्हेंटिलेटर आणि महागडी इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शनं पुरतील हे बघणं, ते व्यवस्थापनाचं काम. आणि किरकटवाडी, नांदेड, नांदोशी ही गावं २०२१ मध्ये महापालिकेत आली, मग शुद्धीकरण केलेलं पाणी तिथे पोचवायची जबाबदारी कोणाची, पैसे कुठून, हा प्रश्न धोरणाचा. चौघंही सार्वजनिक आरोग्याचीच माणसं, पण शिकलेली मात्र वेगवेगळं. तुम्ही या चौघांपैकी कोण, ते तुमच्या नकाशानेच सांगितलंय.

आता एमपीएच. या एका नावाखाली आपल्या देशात फार वेगवेगळे अभ्यासक्रम चालतात, आणि इथेच मुलांची फसगत होते. वैद्यकीय पदव्यांवर एनएमसी (राष्ट्रीय वैद्यकीय आयोग) आहे, तशी एमपीएचवर स्वतंत्र परिषद नाही. त्यामुळे पाटीवर एमपीएच लिहिलेलं बघून काहीच कळत नाही. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेचं अच्युत मेनन केंद्र १९९७ पासून एमपीएच चालवतं, देशातला हा पहिला एमपीएच. तिथे एपिडेमिऑलॉजी आणि संख्याशास्त्र हा कण्याचा भाग आहे, प्रवेश परीक्षा त्यांची स्वतःची. टिसमध्ये एकाच छपराखाली वेगवेगळे एमपीएच चालत आले आहेत: एक आरोग्य प्रशासनाचा, एक धोरण आणि अर्थकारणाचा, एक सामाजिक एपिडेमिऑलॉजीचा. अर्ज भरताना यातला कोणता, हे ठरवून भरावं लागतं, आणि बाहेर पडणारी माणसं खरंच वेगळी असतात. कोलकात्याची अखिल भारतीय संस्था १९३२ ची, या क्षेत्रातली आपल्याकडची सगळ्यात जुनी. चंदीगडच्या पीजीआयमध्ये आहे, मणिपालला आहे, गांधीनगर, हैदराबाद, दिल्ली, भुवनेश्वरला पब्लिक हेल्थ फाउंडेशनने उभ्या केलेल्या संस्था आहेत. चेन्नईच्या एनआयईचा (राष्ट्रीय एपिडेमिऑलॉजी संस्था) एमपीएच साथरोगांच्या प्रत्यक्ष तपासासाठी नावाजलेला आहे, पण तो घडवलाय मुख्यतः सेवेतल्या एमबीबीएस डॉक्टरांसाठी. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाच्या आवारात आरोग्यशास्त्राचा आंतरविद्याशाखीय विभाग आहे. घोडेगावहून याल तेव्हा एकदा तिथे डोकावून सध्या काय चालतं ते समोरासमोर विचारा.

कॉलेज बघताना मी स्वतः आधी प्रबंधाच्या याद्या मागवते. गेल्या दोन-तीन वर्षांत विद्यार्थ्यांनी कशावर प्रबंध केले, माहिती स्वतः गोळा केली की कोणाच्या तयार आकड्यांवर चार तक्ते काढले, मार्गदर्शक स्वतः फील्डवर जाणारा आहे का. मग संख्याशास्त्राचे तास कोण घेतं ते विचारते. कायमचा शिक्षक नसेल आणि बाहेरून कोणीतरी शनिवार-रविवारी येऊन शिकवत असेल तर तुमच्यासाठी तो कोर्स नको, कारण तुमची कच्ची बाजू तीच आहे. आकड्यांच्या विश्लेषणासाठी आर किंवा स्टाटा ही सॉफ्टवेअर शिकवतात की एसपीएसएसवर बटणं दाबून भागवतात. फील्ड प्लेसमेंट कुठे आणि किती आठवड्यांची. इमारत, वायफाय, कॅन्टीन याबद्दल माहितीपत्रकात जेवढं लिहिलेलं असतं तेवढं या गोष्टींबद्दल नसतं, म्हणून माजी विद्यार्थ्याला फोन करूनच विचारावं लागतं.

एमएससीचं थोडक्यात. एपिडेमिऑलॉजी किंवा बायोस्टॅटिस्टिक्समधलं एमएससी पद्धतीत खोल जातं. आरोग्य यंत्रणा, धोरण, पैसा, कार्यक्रम राबवणं याला तिथे जागा कमी. पुढे पीएचडी करायची असेल किंवा हिंजवडी-खराडीकडच्या औषधचाचण्यांच्या डेटावर काम करायचं असेल तर ते उत्तम. संख्याशास्त्राची मुलं तिकडे चांगली रुळतात. तुम्हाला वाड्यांवर राहून काम करायचंय, त्यामुळे दोन्ही हवं. म्हणून माझं मत एमपीएच, पण एपिडेमिऑलॉजीवर भर असलेलाच.

आता तुमच्या टोचणीबद्दल. हे उत्तर काढायला पदवीपर्यंत थांबू नका. तुमच्या आणि आशाताईंच्या वहीत ते बऱ्यापैकी आहे.

आधी एक साधा आलेख काढा. आडवी रेघ तारखांची, त्यावर प्रत्येक रुग्णाचा एक चौकोन. रुग्ण उपकेंद्रात आला ती तारीख घेऊ नका, जुलाब सुरू झाले ती घ्या. त्यावर पाणी बदललं त्या दिवशी एक उभी रेघ, लावणी संपली त्या दिवशी दुसरी. आता अधिशयन काळ, म्हणजे जंतू पोटात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ, ध्यानात घ्या. समजा कॉलरा होता, तर काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत. म्हणजे पाणी बदलल्यानंतरही चार-पाच दिवस तुरळक नवे रुग्ण दिसणं साहजिक आहे, आणि त्यानंतर थांबायला हवेत. रुग्ण तुमच्या रेघेच्या आधीच उताराला लागले असतील तर श्रेय दुसऱ्या कशाचं तरी आहे, हे मान्य करायचं. दोन्ही रेघा एकाच आठवड्यात येत असतील तर नुसत्या आलेखाने वेगळं करता येणार नाही.

मग चार रकान्यांचा तक्ता. झऱ्याचं पाणी प्यायलेले आजारी, प्यायलेले पण ठणठणीत, न प्यायलेले आजारी, न प्यायलेले ठणठणीत. बहुतेक जण आजारी माणसांचीच नोंद ठेवतात आणि ठणठणीत माणसांना विचारतच नाहीत. तुम्ही प्रत्येक घरापुढे पाणी लिहिलंत, म्हणून तुमच्याकडे चारही आकडे आहेत. प्यायलेल्यांपैकी किती टक्के आजारी, न प्यायलेल्यांपैकी किती टक्के, आणि पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. तुम्ही ज्याला घाबरता ते गणित एवढंच आहे, निदान सुरुवातीचं. आणि तिसरी गोष्ट, खालच्या वाडीत अशीही घरं असतील ज्यांनी लावणीच्या शेवटापर्यंत झराच प्यायला, घरचं पाणी नेलं नाही. ती घरं आणि ऐकलेली घरं यांची तुलना केलीत तर लावणी संपल्याचा मुद्दा बराच निकालात निघतो, कारण लावणी तर दोघांचीही एकाच वेळी चालू होती.

हे करून बघा. करताना रात्र कशी गेली ते कळलं नाही, तर कोर्स ठरला म्हणून समजा. एनआयईचा 'हेल्थ रिसर्च फंडामेंटल्स' हा कोर्स एनपीटीईएल या संकेतस्थळावर मोफत शिकता येतो, तोही आत्ताच सुरू करा. एपी इन्फो हे सॉफ्टवेअर मोफत आहे, नकाशासाठी क्यूजीआयएस मोफत आहे.

आहुपेवाट

ताई, इतकं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं. वही घेऊन बसते. दोन गोष्टी राहिल्या. स्वस्थवृत्ताबद्दल कोणी बोललं नाही, घरी तोच पर्याय सगळ्यांना जवळचा वाटतो. आणि नोकरी सोडावी लागेल का? कंत्राटी आहे, पण पुन्हा मिळेल याची खात्री नाही.

निवृत्तटीएचओ

माझी मुलगी तुझ्याच वयाची असेल, म्हणून अगं-तुगं करतो, राग मानू नकोस. मी पीएसएममध्ये, म्हणजे कम्युनिटी मेडिसिनमध्ये, एमडी, सगळी नोकरी पुणे आणि शेजारच्या जिल्ह्यात गेली, शेवटची काही वर्षं तालुका आरोग्य अधिकारी.

स्वस्थवृत्त हा विषय चांगलाच आहे. दिनचर्या, ऋतुचर्या, आहार, त्यासोबत आजचं प्रतिबंधक वैद्यक. एआयएपीजीईटी ही प्रवेश परीक्षा द्यायची, तीन वर्षं शिकायचं. पण त्या रस्त्याच्या टोकाला मुख्यतः आयुर्वेद महाविद्यालयातली अध्यापकाची जागा आहे. शिकवायची आवड असेल तर जरूर जा. साथीचा तपास करायचा असेल तर त्यासाठी तो रस्ता लांबचा. आणि आमचं कम्युनिटी मेडिसिनचं एमडी, बी. जे. किंवा एएफएमसीत जे मिळतं ते, एमबीबीएस आणि नीट-पीजीशिवाय नाही, त्यामुळे तो विषय सोड. मेडिकल कॉलेजच्या पीएसएम विभागात प्राध्यापक व्हायचं तर तेच एमडी लागतं, एमपीएचवर ती जागा मिळत नाही, हेही आधीच माहीत असू दे. नंतर वाईट वाटायला नको.

आता नोकरी. पदवी निवडण्याआधी तुला हव्या असलेल्या खुर्चीची जाहिरात वाच. राष्ट्रीय आरोग्य अभियानात जिल्हा परिषदा आणि महापालिका ज्या जाहिराती काढतात, त्यात एपिडेमिऑलॉजिस्ट, सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापक, कार्यक्रम व्यवस्थापक अशी पदं असतात. अर्हतेच्या रकान्यात बऱ्याचदा 'कोणताही वैद्यकीय पदवीधर, सोबत एमपीएच, एमएचए किंवा आरोग्य विषयातलं एमबीए' असं असतं. म्हणजे बीएएमएस तिथे चालतं. आणि त्या रकान्यापुरत्या तिन्ही पदव्या सारख्याच मोजल्या जातात, म्हणून अनेक जण सगळ्यात सोपी असेल ती करून येतात. मी मुलाखतीला बसलोय. साथीच्या दिवसांचा आलेख समोर ठेवला आणि 'काय दिसतंय' असं विचारलं, की कोण काय शिकून आलंय ते पाच मिनिटांत कळतं. नुसती स्वच्छता राखा, जनजागृती करा, असं बोलणारा उमेदवार मी घेतला नाही. पण प्रत्येक जिल्ह्याचा मजकूर वेगळा असतो, एखाद्या जाहिरातीत एमबीबीएसच हवं असतं. गेल्या दोन-तीन वर्षांच्या जाहिराती काढून फाईल कर आणि मग ठरव.

राजीनाम्याची घाई करू नकोस. सहा महिन्यांच्या कोर्सच्या वेळी करारनामा लिहून दिला असशील, तो काढून त्यातली सेवेची अट पूर्ण झाली का ते बघ. कंत्राटी माणसाला कायमस्वरूपी कर्मचाऱ्यासारखी पगारी अभ्यासरजा गृहीत धरता येत नाही. जे काय आहे ते जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी विचार आणि लेखी उत्तर घे. तोंडी 'बघू' वर जाऊ नकोस.

पर्वतीपायथा ताईंशी एका ठिकाणी माझं जमत नाही. झरा शोधणं हे निम्मं काम. त्या झऱ्याला कुंपण घालणं, ग्रामसेवकाकडून ते वेळेत करून घेणं, वित्त आयोगाच्या पैशातून तरतूद आहे हे सरपंचाला दाखवणं, पुढच्या वर्षी लावणीच्या आधी आशाला मेडिक्लोरच्या बाटल्या मिळतील असं बघणं, हे उरलेलं निम्मं. माझ्या अनुभवात साथी बहुतेक वेळा अज्ञानाने नाही, या दुसऱ्या निम्म्यात लांबतात. टिसच्या आरोग्य प्रशासनाच्या एमपीएचचा विचार कर. एपिडेमिऑलॉजी तिथेही शिकवतात.

पर्वतीपायथा

सर, दुसऱ्या निम्म्याबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे, पण ते ती रोज करतेच आहे. ग्रामसेवकाशी कसं बोलायचं हे उपकेंद्रात शिकता येतं, कन्फाउंडिंग (दुसरंच कारण मिसळल्याने खरा परिणाम झाकला जाणं) नाही. जे नोकरीत शिकता येत नाही ते कॉलेजात शिकावं, एवढाच माझा मुद्दा.

तुम्ही म्हणता त्या बाजूची ओढ तिला वाटलीच, तर आपल्या जिल्ह्यातच नमुना आहे. २००७ मध्ये आरोग्य सेवांवरची लोकाधारित देखरेख महाराष्ट्रात सुरू झाली तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत पुणे होतं, आणि ती बांधायला पुण्याची 'साथी' नावाची संस्था पुढे होती. गावातल्या लोकांनी आरोग्य केंद्राला गुण द्यायचे, जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडायचे. ते काम धोरणाच्या एमपीएचचं. दुसरीकडे वढूला पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र २००२ पासून बावीस गावांतले जन्म, मृत्यू, स्थलांतर नोंदवत आलंय, आणि केईएमच्याच डॉ. याज्ञिकांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला, त्यातली बाळं आता कर्ती झाली तरी तो चालू आहे. लहान वजनाच्या आपल्या बाळांच्या अंगात चरबी मात्र तुलनेने जास्त, हे त्यातून जगाला कळलं. आहुपेवाट, सुट्टी काढून अशा एखाद्या ठिकाणी दिवसभर कोणाबरोबर तरी फिरा. वर्गात काय शिकवतात त्यापेक्षा पुढची वीस वर्षं काय करायचंय ते तिथे दिसेल.

मुळामुठा

कोथरूडचा, सध्या अमेरिकेत. परदेशाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. इथे सीईपीएच नावाची संस्था मान्यता देते. ती नसेल तर त्या एमपीएचकडे बघू नका. मान्यताप्राप्त एमपीएचला किमान बेचाळीस क्रेडिट आणि प्रत्यक्ष एखाद्या संस्थेत केलेलं काम लागतं. एमएस किंवा एमएसपीएच संशोधनाकडे झुकलेलं असतं, डीआरपीएच ही डॉक्टरेट अनुभवी माणसांसाठी. इंग्लंडमध्ये एमएससी एका वर्षात होतं, त्यामुळे राहण्याचा खर्च निम्म्यावर येतो.

पैशाचं मात्र स्पष्ट सांगतो. घरचा बटाटा विकून आणि कर्ज काढून इथे येऊ नका. शिष्यवृत्ती असेल तरच या. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन हजार आठशे तासांचा कामाचा अनुभव लागतो, तो तुमच्याकडे असणारच, आणि शिकून झाल्यावर किमान दोन वर्षं मायदेशी परतायची अट आहे. तुम्हाला परतायचंच आहे, म्हणजे ती अट तुमच्या बाजूची. कॉमनवेल्थची शिष्यवृत्तीही बघा. राज्य सरकारच्या परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्त्यांत तुम्ही बसत असाल तर समाजकल्याण किंवा आदिवासी विकास विभागाकडे चौकशी करा. निबंधात झऱ्याची गोष्ट पोस्टमध्ये लिहिलीत तश्शीच लिहा, शेवटी 'मला सांगता येत नाही' या वाक्यासकट.

आहुपेवाट

सगळ्यांचे आभार. आलेख काढला. आशाताईंना बरोबर घेऊन बसले, कारण कोणत्या घरात जुलाब कधी सुरू झाले हे वहीपेक्षा त्यांना जास्त आठवत होतं. झरा प्यायलेल्यांत निम्म्याहून जास्त आजारी, नळवाल्यांत एखाददुसरा. इथपर्यंत पक्कं. पण पाणी बदललं ती रेघ आणि लावणी संपली ती रेघ खरोखरच एका आठवड्याच्या आत आली. मग ताईंनी सांगितलं तसं ऐकलेली आणि न ऐकलेली घरं वेगळी केली. फरक दिसतोय, पण न ऐकलेली घरं फारच कमी आहेत, आणि त्यातली दोन तर झऱ्याला सगळ्यात जवळची. म्हणजे ती मुळातच जास्त पाणी पीत असणार. हेच ते कन्फाउंडिंग का?

टीएचओ सर, करारनामा काढला. सेवेची अट या आर्थिक वर्षात संपते. जाहिरातींची फाईल सुरू केली आहे.

सध्याचा विचार असा: सामाजिक एपिडेमिऑलॉजीचा एमपीएच आणि तिरुअनंतपुरम, दोन्हीकडे अर्ज. चेव्हनिंगही भरून बघेन. एमएचए, स्वस्थवृत्त नाही. घरी आलेख दाखवला, वडील बराच वेळ बघत होते आणि म्हणाले की आपल्याकडे बटाट्यावरच्या करप्याचं पण असंच काढता येईल का.

शेवटचा प्रश्न, प्रबंधासाठी मी माझ्याच उपकेंद्राची माहिती वापरू शकते का?

पर्वतीपायथा

हो, हेच कन्फाउंडिंग. आणि घरं कमी असल्यामुळे जो फरक दिसतोय तो योगायोगाचाही असू शकतो, ते कसं मोजायचं हे पहिल्या सत्रातच शिकाल. वडिलांना सांगा, करप्याचं काढता येतं. झाडांवरच्या रोगांची एपिडेमिऑलॉजी हा शेती महाविद्यालयात शिकवतात तो विषयच आहे.

उपकेंद्राची माहिती वापरता येते, पण आत्ता जी आहे ती सेवेचा भाग म्हणून गोळा झाली आहे, संशोधनासाठी नाही. प्रबंधाला संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी लागेल आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचं परवानगीपत्र लागेल. नोकरीत असतानाच ते पत्र मागून ठेवा, बाहेर पडल्यावर तेच काम चौपट वेळ खातं. मूळ रजिस्टर उपकेंद्रातच राहू द्या, घरी नेऊ नका, फोनवर फोटो काढून ठेवू नका. तुमच्या नकाशावर घरमालकांची नावं आहेत असं दिसतंय. त्याची एक प्रत करा, नावांच्या जागी क्रमांक घाला, आणि कोणता क्रमांक कोणाचा ही यादी वेगळ्या कपाटात. आणि पुढच्या लावणीला अजून तुम्ही तिथेच आहात. या वेळी न ऐकलेल्या घरांनाही पहिल्या दिवसापासून वहीत घ्या, रोज किती वेळा झऱ्यावर गेलात हेही विचारा. समितीपुढे जायचा तुमचा आराखडा तिथूनच लिहायला लागा, मी वाचून देईन.